फाइल तुमची, परवाना त्यांचा

टीव्हीच्या, फोनच्या, कॉम्प्युटरच्या पडद्यावर येणारा 'ही फाइल सपोर्ट करत नाही' हा संदेश बहुतेक वेळा खोटा असतो. मी तालुक्याच्या गावात व्हिडिओ एडिटिंगचं दुकान चालवतो. लग्नाचं मिक्सिंग, कीर्तनाचं शूटिंग, शाळेचं गॅदरिंग, जुन्या कॅसेटी उतरवून देणं, हे माझं काम. हा संदेश वाचून हिरमुसलेली माणसं माझ्याकडे येतात. कुणाला वाटतं पेनड्राइव्ह खराब झाला, कुणाला वाटतं टीव्ही जुना झाला. पन्नाशीपुढची माणसं तर सरळ स्वतःलाच दोष देतात, 'आम्हाला यातलं काही कळत नाही हो.' त्यांना कळत नाही, कारण त्यांच्यापासून ते लपवलेलं आहे. फाइल धड असते, यंत्रात ती उलगडण्याची ताकद असते, तरीही ती चालत नाही, कारण ती चालू द्यायची नाही असं एका कंपनीने ठरवलेलं असतं. ठरवताना तिने परवान्याचे पैसे वाचवलेले असतात. गिऱ्हाइकाने मात्र यंत्राची पूर्ण किंमत मोजलेली असते.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण सगळी लपवाछपवी तिच्या आडून चालते. फाइलच्या नावामागे एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय असं जे लिहिलेलं असतं ते फक्त बाहेरच्या आवरणाचं नाव. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून बसवलंय आणि आवाज कोणत्या, हे त्यावरून कळत नाही. दाबण्या-उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. दोन एमपी४ फाइलींपैकी एक टीव्हीवर चालते आणि दुसरी चालत नाही, त्याचं कारण सहसा आतल्या कोडेकमध्ये असतं. टीव्हीच्या खोक्यावर यूएसबीवरून व्हिडिओ चालतो असं ठळक छापतात. कोणते कोडेक चालतात हे मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असतं, आणि हल्ली ते मॅन्युअलही छापील मिळत नाही. दुकानातला पोरगा 'सगळं चालतं' म्हणतो. त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

हँडीकॅमचं उदाहरण घ्या. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये एव्हीसीएचडी ही रेकॉर्डिंगची पद्धत आणली. टेप गेली, कार्ड आलं. पुढची कितीतरी वर्षं आपल्याकडची बारशी, मुंजी, डोहाळजेवणं, घरचे गणपती या कॅमेऱ्यांवर उतरले. त्यांच्या एमटीएस फाइलींत चित्र एच.२६४ या कोडेकचं असतं आणि आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी-३ चा. एक ताई अशीच फाइल फोनमध्ये घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. त्यांची आई जात्यावरच्या ओव्या म्हणताना दिसत होती, आवाज मात्र अजिबात नव्हता. आई जाऊन काही वर्षं झाली होती. शूटिंगच्या वेळी माइक बंद राहिला असणार, असं ताईंनी धरून ठेवलं होतं, आणि कॅमेरा हातात होता तो त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणून घरात त्यावरून बोलणीही झाली होती. मी तीच फाइल कॉम्प्युटरवर व्हीएलसी या फुकट मिळणाऱ्या प्लेअरमध्ये लावली. आवाज स्वच्छ होता. तो पहिल्यापासून होता. फोनवरच्या प्लेअरकडे त्या आवाजाचा परवाना नव्हता, एवढंच.

फोनवरच्या लोकप्रिय प्लेअरांनी परवान्याच्या कारणावरून एसी-३ वगळला आणि वापरणाऱ्याला एका ओळीत 'हा आवाज चालत नाही' असं सांगून मोकळे झाले. 'आवाज फाइलमध्ये आहे, आम्ही तो वाजवत नाही' हे कुणीच लिहिलं नाही. आणखी राग येण्यासारखी गोष्ट पुढे आहे. मूळ एसी-३ ची पेटंटं २०१७ मध्ये संपली. म्हणजे तिथून पुढे हा आवाज जास्त यंत्रांवर वाजायला हवा होता. झालं उलट. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २०२४ साली आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये एसी-३ चा कोडेक देणं थांबवलं. कॉम्प्युटर बनवणाऱ्याने स्वतः बसवून दिला तर दिला. जी गोष्ट वर्षानुवर्षं न मागता मिळत होती ती एका आवृत्तीत गेली, आणि ज्यांच्या कपाटात हँडीकॅमची कार्डं पडली आहेत त्यांना कुणी एका शब्दाने कळवलं नाही.

टीव्हीवाले याहून निगरगट्ट. सॅमसंगने २०१८ पासून आपल्या टीव्हींतून डीटीएस आवाज काढला. एलजीने २०२० मध्ये काढला आणि २०२३ मध्ये काही मॉडेलांत परत आणला. मधल्या तीन वर्षांत एलजीचा महागडा टीव्ही घेतलेल्या माणसाचं काय, याचं उत्तर कंपनीला द्यावं लागलं नाही, कारण विचारणाराच कुणी नव्हता. खोक्यावर 'आता डीटीएस नाही' असं छापण्याची सक्ती कुठल्या कायद्यात नाही. नवीन काय आलं ते छापतात, काढलेलं छापत नाहीत.

या सगळ्याचा मोठा गुंता एच.२६५ चा, म्हणजे एचईव्हीसीचा. २०१३ मध्ये हे मानक तयार झालं. एच.२६४ इतकंच चांगलं चित्र जवळजवळ निम्म्या जागेत बसवायचं, हा त्याचा हेतू, आणि तो त्याने पुरा केला. इंजिनिअरांचं काम उत्तम होतं. पण त्यात ज्यांची पेटंटं होती त्या कंपन्या पैसे वसूल करायला एकत्र बसू शकल्या नाहीत. एच.२६४ साठी मुख्यतः एक दार ठोठावलं की भागत असे. एचईव्हीसीसाठी एमपीईजी एलए हा एक गट झाला, २०१५ मध्ये एचईव्हीसी अ‍ॅडव्हान्स हा दुसरा, २०१७ मध्ये व्हेलॉस मीडिया हा तिसरा, आणि काही पेटंटधारक कुठल्याच गटात न जाता बाहेर बसले. दुसऱ्या गटाने तर सुरुवातीला व्हिडिओ दाखवून होणाऱ्या कमाईतही हिस्सा मागितला. पुढे ती मागणी सोडावी लागली, पण तोवर सगळ्यांच्या मनात धास्ती बसली होती. ज्या एमपीईजी समितीत ही मानकं तयार होतात तिचे संस्थापक लिओनार्दो क्यारिल्योने यांनीच २०१८ मध्ये जाहीरपणे लिहिलं की ही व्यवस्था संकटात आहे. घर बांधणाऱ्यानेच भिंतीला तडा गेल्याचं सांगितलं, तरी भाडं वसूल करणारे थांबले नाहीत.

या हावरटपणाला कंटाळून २०१५ मध्ये अ‍ॅमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि नेटफ्लिक्स यांनी एकत्र येऊन परवानाशुल्क नसलेला कोडेक बनवायचं ठरवलं. २०१८ मध्ये एव्ही१ आला. या कंपन्यांनी समाजसेवा म्हणून हे केलं नाही, स्वतःचा खर्च वाचवायला केलं, पण फायदा सगळ्यांचा होता. लगेच सिस्वेल नावाची कंपनी पुढे आली आणि एव्ही१ मध्येही आमच्या गटातल्यांची पेटंटं आहेत, पैसे भरा, म्हणू लागली. जे फुकट वाटण्यासाठी बनवलं त्यावरही बिल फाडायला माणसं तयार आहेत.

दरम्यान तुमच्या-आमच्या हातात काय आलं? आयफोनने २०१७ मध्ये आयओएस ११ पासून फोटो एचईआयसीमध्ये आणि व्हिडिओ एचईव्हीसीमध्ये साठवायला सुरुवात केली. जागा वाचली, ठीक. पण तो व्हिडिओ विंडोजच्या कॉम्प्युटरवर उघडायला गेलं की मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये एक डॉलरच्या आसपास किंमत मोजून एक्स्टेन्शन घ्या, असं सांगितलं जातं. पैसे थोडे आहेत. पण ज्या बाईला आपल्या नातवाचा व्हिडिओ उघडायचा आहे ती तिथे कार्ड नंबर टाकणार आहे का? ती 'फ्री कन्व्हर्टर' असं शोधते आणि घरातला व्हिडिओ कुठल्या देशात, कुणाच्या मालकीच्या यंत्रावर जातोय याचा पत्ता नसलेल्या साइटवर चढवते. नोकरीचे अर्ज भरणारी मुलं तर आधार कार्डाचे, गुणपत्रिकांचे फोटो अशा साइटींवर टाकतात, कारण सरकारी अर्जाला जेपीईजीच लागतो आणि फोन एचईआयसी देतो. अमेरिकेत मे २०२० मध्ये कॉलेज बोर्डाच्या ऑनलाइन एपी परीक्षेत याच कारणाने मुलांच्या उत्तरपत्रिका स्वीकारल्या गेल्या नाहीत. मुलांनी उत्तरं लिहिली होती, फोटो काढले होते, वेळेत चढवलेही होते. फोटोचा प्रकार यंत्रणेला वाचता येईना, म्हणून त्यांना पुन्हा परीक्षेला बसायला सांगितलं गेलं.

यंत्रात ताकद असते, ती वापरू देत नाहीत, असं मी वर म्हटलं. २०२५ मध्ये तर ते उघडच झालं. इंटेलच्या चिपमध्ये २०१५ पासून एचईव्हीसी उलगडण्याची सोय आहे, एएमडीच्या चिपमध्येही आहे. तरीही एचपी आणि डेल यांनी आपल्या काही व्यावसायिक लॅपटॉपांत ती सोय बंद करून ते विकल्याचं समोर आलं. चिप विकत घेतलेली, तिच्यात ती क्षमता कोरलेली, आणि ती तुमच्यासाठी बंद. घर विकताना एक खोली कुलूप लावून द्यावी आणि किल्ली वेगळी विकत घ्या म्हणावं, तसा हा व्यवहार आहे. घराच्या बाबतीत कुणी हे चालवून घेणार नाही. इथे चालतं, कारण कुलूप दिसत नाही.

माझ्या धंद्यातल्या पोरांचं दुखणं वेगळं आहे. गावोगावच्या शूटिंगवाल्यांनी गेल्या काही वर्षांत कर्ज काढून लाखा-दोन लाखांचे मिररलेस कॅमेरे घेतले. हे कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती राखून, एचईव्हीसी रेकॉर्ड करतात. रंग सुंदर येतात, हळदीचा पिवळा पिवळाच राहतो, शालूचा रंग फाटत नाही. मग एडिटिंगसाठी तितकंच महाग ग्राफिक्स कार्ड घेतात आणि टाइमलाइनवर फाइल टाकली की चित्र अडखळतं. एनव्हिडियाच्या कार्डांत हार्डवेअरवर ४:२:२ एचईव्हीसी उलगडायची सोय आली ती २०२५ च्या ५० मालिकेपासून. त्याआधीचं कुठलंही कार्ड, कितीही महाग असो, या बाबतीत कोरं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या चिपमध्ये आतल्या साध्या ग्राफिक्सला ते जमत होतं. म्हणजे ग्राफिक्स कार्डावर एक पैसाही खर्च न करता जे झालं असतं त्यासाठी पोरांनी कर्जाचे हप्ते भरले. कॅमेरा विकणाऱ्याने कॅमेरा विकला, कार्ड विकणाऱ्याने कार्ड विकलं, आणि दोघांच्या मधली जबाबदारी कुणाचीच नाही. पोरं रात्रभर बसून प्रॉक्सी बनवतात, म्हणजे प्रत्येक फाइलची हलकी नक्कल काढून तिच्यावर काम करतात. लग्नसराईत ही एकेक रात्र त्यांच्या कमाईतून जाते.

कार्डाचा आणखी एक छळ आहे. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट पद्धतीने तयार केलेली येतात. ही पद्धत मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली आणि २०१९ पर्यंत तिचा तपशील बंद ठेवला. म्हणून कित्येक टीव्ही आणि गाडीतले प्लेअर एक्सफॅटचा पेनड्राइव्ह ओळखतच नाहीत. त्यांना जुनी फॅट३२ लागते आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. लग्नाचा पूर्ण व्हिडिओ ४ जीबीत कसा बसवायचा? तुकडे करायचे किंवा चित्राची वाट लावायची. मी लोकांना तुकडे करून देतो आणि ते मला विचारतात, 'सप्तपदी मध्येच का तुटली?'

इथवर सांगितलं ते पैशाचं आणि मनस्तापाचं. सीसीटीव्हीच्या बाबतीत प्रश्न न्यायाचा होतो. बाजारपेठेतल्या एका दुकानात चोरी झाली. चोराचा चेहरा कॅमेऱ्यात स्पष्ट आला होता. रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रातून, म्हणजे डीव्हीआरमधून, फाइल काढली तर ती त्या कंपनीच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये, जी फक्त त्यांच्याच प्लेअरवर उघडते. प्लेअर सीडीवर आला होता, सीडी केव्हाच हरवली होती. कंपनीच्या साइटवरची लिंक मेलेली. तपासाला आलेल्या माणसाने सांगितलं, 'स्क्रीनचं मोबाइलवर शूटिंग करा आणि पाठवा.' दुकानदाराने ते केलं. चेहरा चौकटीतल्या धुरकट डागासारखा आला. आणि डीव्हीआर आपल्या नियमाने जुन्या रेकॉर्डिंगवर नवं लिहीत राहिला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे आतल्या माहितीवरून काढलेला तिचा ठसा, लिहावं लागतं. फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅश बदलतो. कंपनीच्या फॉरमॅटमधली फाइल एमपी४ केली की ती दुसरी फाइल झाली, तिचा हॅश वेगळा. मूळ फाइल द्यावी तर न्यायालयातल्या कॉम्प्युटरवर उघडेल की नाही याची खात्री नाही. बदललेली द्यावी तर समोरचा वकील ती मूळ नाही म्हणणार, आणि त्याचं म्हणणं बरोबर असणार. मोबाइलवर काढलेल्या शूटिंगबद्दल तर बोलायलाच नको. व्हिडिओच्या पुराव्याचं वजन किती असतं हे महाराष्ट्राने जवळून पाहिलेलं आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद अर्ज वेळेत भरला की नाही यावर होता, आणि त्यात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण मध्यभागी होतं. त्याच खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये असं प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाने झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं केलं आहे. न्याय व्हिडिओवर उभा करायचा ठरवला आहे, चांगलं आहे. मग ज्या फॉरमॅटची किल्ली एका खासगी कंपनीच्या हातात आहे तो डीव्हीआर देशात विकायला परवानगीच का द्यावी? एक साधं बटण सक्तीचं करा, ज्याने मूळ रेकॉर्डिंग कुठल्याही प्लेअरवर उघडणाऱ्या फाइलीत, वेळेच्या नोंदीसह, बाहेर पडेल. यात तांत्रिक अडचण कसलीही नाही. आतला व्हिडिओ बहुतेक वेळा साधा एच.२६४ किंवा एच.२६५ च असतो, कंपनीने त्यावर आपलं आवरण चढवलेलं असतं.

पैसे भरून पाहणाऱ्यांचीही सुटका नाही. नेटफ्लिक्स, प्राइम यांचा हाय-डेफिनिशन व्हिडिओ अँड्रॉइड फोनवर दिसायला वाइडवाइन या नक्कल रोखणाऱ्या पद्धतीचं एल१ प्रमाणपत्र लागतं. ते नसलं की फुल एचडी पडद्यावरही चित्र ४८० रेषांचंच. भारतात २०१८ मध्ये गाजावाजा करून आलेला पोको एफ१ या प्रमाणपत्राशिवाय विकला गेला, आणि ते अपडेटमधून आलं दुसऱ्या वर्षी. वनप्लस ५ आणि ५टी च्या बाबतीत तर ते इंटरनेटवरून देताच येईना, फोन कंपनीकडे पाठवावा लागला. जाहिरातीत पडद्याचे पिक्सेल मोजून सांगतात. त्या पिक्सेलांवर काय दिसणार नाही हे विकत घेतल्यावर कळतं.

माझ्या कामातला सगळ्यात जड भाग जुन्या कॅसेटींचा आहे. युनेस्कोच्या माहितीविषयक कार्यक्रमाने आणि ध्वनिचित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये इशारा दिला होता की चुंबकीय फितीवरचं जे २०२५ पर्यंत उतरवलं जाणार नाही ते बहुतांश कायमचं हातून जाईल. फीत सडते म्हणून तर आहेच, पण वाजवणारं यंत्रच उरत नाही म्हणून जास्त. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणून ओळखली गेलेली जपानची फुनाई २०१६ मध्ये थांबली. मिनी डीव्हीच्या टेपा उतरवायला फायरवायर नावाची जोडणी लागते आणि ॲपलने २०२५ च्या मॅकओएसमधून ती काढून टाकली. ॲपलनेच २०१९ मध्ये जुन्या ३२-बिट प्रोग्रामांचा आधार काढला तेव्हा सिनेपॅक, सोरेन्सन यांसारख्या जुन्या क्विकटाइम कोडेकांतल्या फाइली नव्या मॅकवर उघडेनाशा झाल्या. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर कित्येकांनी 'डिजिटल केलं म्हणजे टिकलं' असं समजून आपलं काम त्या कोडेकांत ठेवलं होतं. भारुडं, वाघ्या-मुरळीची जागरणं, गावच्या जत्रेतल्या तमाशाच्या बाऱ्या, माणसं गेली आणि त्यांच्या आवाजाच्या टेपा घरच्यांच्या ट्रंकेत राहिल्या. त्या वाचवणं हे माझ्यासारख्या दुकानदारावर सोडलेलं आहे. मी जुनी यंत्रं भंगारातून सुटे भाग काढून चालू ठेवतो. एका राज्याच्या लोककलांचा ठेवा असा भंगाराच्या भरवशावर असू नये.

माझ्या बोलण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला, हे एमकेव्ही, डीटीएस वगैरे चोरून उतरवलेल्या सिनेमांचे प्रकार, त्यांची एवढी काळजी कशाला. हँडीकॅमवरच्या ओव्या कुणी चोरलेल्या नाहीत. मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ बापाने स्वतःच्या पैशाने काढलेला असतो. चोरी थांबवायला कोडेक काढला असं कुठल्या कंपनीनेही म्हटलेलं नाही. तो पैसे वाचवायला काढला. दुसरा आक्षेप गंभीर आहे. ज्यांनी शोध लावला त्यांना मोबदला नको का? हवा. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने एमपी३ वर वर्षानुवर्षं राबून काम केलं, परवान्यातून पैसे मिळवले, आणि २०१७ मध्ये तो परवाना कार्यक्रम संपला. आज एमपी३ कुठेही वाजतो. शोध लावणाऱ्याला मोबदला मिळाला, मुदत संपली, वस्तू सगळ्यांची झाली. हाच रास्त मार्ग आहे. माझा विरोध मोबदला लपवण्याला, दहा दारांवर मागण्याला, आणि एकदा दिलेलं परत काढून घेण्याला आहे. शिवाय शुल्काशिवाय उत्तम काम होतच नाही, हेही खरं नाही. तुम्ही व्हॉट्सॲपवर आवाज पाठवता तो ओपस कोडेकमध्ये जातो. तो २०१२ मध्ये खुलं मानक म्हणून जाहीर झाला, त्याला शुल्क नाही, आणि बोलण्याचा आवाज इतक्या कमी जागेत इतका चांगला राखणारं दुसरं काही शोधून दाखवा.

आणि व्हीएलसी. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं काम, २००१ पासून सगळ्यांना खुलं. फॅब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या एफएफएमपेग या कोडेक उलगडणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचा आधार त्याला आहे. जगातले कंपन्यांनी बंद ठेवलेले कितीतरी कोडेक या लोकांनी चिकाटीने उकलले आणि कुणाकडे एक पैसा न मागता वाटले. लग्नाच्या धंद्यात एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांच्या कॅनोपस एचक्यूच्या जुन्या फाइली आज त्यांच्यामुळेच उघडतात. जाहिराती लावायचे मोठे प्रस्ताव व्हीएलसीने नाकारले. त्या ताईंच्या आईचा आवाज त्यांना या लोकांनी दिला. आमच्या देशाने त्यांचं काय केलं? फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतात व्हीएलसीची अधिकृत साइट बंद करण्यात आली. आधी नोटीस नाही, कारण जाहीर नाही. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने कायदेशीर नोटीस पाठवावी लागली तेव्हा नोव्हेंबरमध्ये ती उघडली. नऊ महिने लोक खरं व्हीएलसी सोडून कुठूनही, काहीही मिसळलेलं उतरवून घेत राहिले. ज्या सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं, ज्यात मानकाला शुल्क नसावं असं स्वच्छ लिहिलं आहे, त्याच सरकारच्या अधिकाऱ्यांना खुल्या प्रणालीचा सर्वांत चांगला नमुना ओळखता आला नाही. मला याची लाज वाटते.

कायद्याने हे सुधारत नाही, असं कुणी सांगितलं तर चार्जर बघा. युरोपने नियम केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅब्लेट, कॅमेऱ्यांना यूएसबी-सी सक्तीचं झालं. वर्षानुवर्षं वेगळ्या वायरीवर अडून बसलेल्या ॲपलने त्याआधीच, २०२३ च्या आयफोन १५ मध्ये, यूएसबी-सी दिलं. नियम होण्याआधी हीच कंपनी सांगत होती की यामुळे नवे शोध खुंटतील. काही खुंटलं नाही. आमच्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि त्यात वस्तूचा दर्जा आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क दिलेला आहे. त्या हक्काखाली टीव्ही, फोन, लॅपटॉप, डीव्हीआर यांच्या खोक्यावर कोणते कोडेक चालतात आणि कोणते चालत नाहीत हे मराठीत, मोठ्या अक्षरांत छापायला लावा. विक्रीच्या दिवशी जे चालत होतं ते अपडेटने काढलं तर पैसे परत. सरकारी खरेदीत, शाळांच्या ई-लर्निंगपासून पोलीस ठाण्याच्या कॅमेऱ्यांपर्यंत, खुल्या फॉरमॅटमध्ये फाइल न देणारी निविदा बाद. आणि लोककलांच्या टेपा उतरवायला जिल्ह्याला एक तरी सरकारी केंद्र, जिथे यंत्रं आणि ती चालवणारा पगारी माणूस असेल.

हे होईपर्यंत तुमच्या हातातलं तुम्ही करा. टीव्ही घ्यायला जाल तेव्हा घरचा पेनड्राइव्ह खिशात घेऊन जा, त्यात हँडीकॅमची एक जुनी फाइल, फोनवरचा एक नवा व्हिडिओ आणि लग्नाची पूर्ण फाइल टाकून न्या, आणि पैसे देण्याआधी दुकानात ती चालवून, आवाजासह, दाखवायला सांगा. डीव्हीआर बसवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी फाइल काढून घ्या आणि ती त्याच्या प्लेअरशिवाय उघडून बघा. लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून एच.२६४ ची साधी एमपी४ फाइल आणि कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली, दोन्ही मागून घ्या. द्यायला नाही म्हटलं तर दुसरा शूटिंगवाला बघा. आणि ट्रंकेत कॅसेटी असतील तर त्या या दिवाळीपर्यंत ठेवू नका, या आठवड्यात उतरवून घ्या.